पाळी जाताना अंगाचा वास बदलतो, त्यावरही लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

१८ ऑक्टोबरच्या जागतिक रजोनिवृत्ती दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. हाडं ठिसूळ होणं, झोप उडणं, चिडचिड, अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, सगळं नीट मांडलं होतं. पण ज्या गोष्टीसाठी बायका माझ्याकडे येऊन आवाज खाली आणतात, ती त्यात कुठेच नव्हती. अंगाच्या घामाचा वास बदलतो, त्याबद्दल एक ओळही नाही. म्हणून हे पत्र.

मी ऐरोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवते. गिऱ्हाइकं दिव्यापासून कोपरखैरण्यापर्यंतची. शिक्षिका आहेत, बँकेतल्या आहेत, दवाखान्यातल्या आया आहेत, रबाळे-महाप्याच्या कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या आहेत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या आहेत. मापाचं ब्लाउज हातात आलं की मुंढ्यापाशी, म्हणजे काखेजवळच्या शिवणीपाशी, कापड कुठे पिवळं पडलंय, शिवण कुठे विरलीय हे मला दिसतं आणि वासही कळतो. बाई तीच, काम तेच, साबण तोच, पण पंचेचाळिशी उलटली आणि तिच्या मापाच्या ब्लाउजचा वास वेगळा झाला, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे. माझं स्वतःचंही तसंच झालं. इस्त्री करायला घेतलेल्या माझ्याच धुतलेल्या ब्लाउजमधून एक उग्र, कांद्यासारखा वास उठायला लागला, जो आधी कधी नव्हता.

या बायका अस्वच्छ नाहीत, हे मला सगळ्यात आधी सांगायचं आहे. उलट त्या गरजेपेक्षा जास्त धुतात. दिवसातून तीनदा आंघोळ करणारी, जंतुनाशकाचं झाकण बादलीत ओतणारी, काख घासणीने घासून काळी करून घेतलेली, अशा सगळ्या मी पाहिल्या आहेत. त्यातली एक शाळेत शिकवते. ती माप देताना हातच वर करेना. मी म्हटलं, "बाई, हात उचला, मुंढा कसा मोजू?" तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी तिचा मुलगा म्हणाला होता, "आई, तुझ्या अंगाला वास येतो." त्या दिवसापासून तिने नातेवाइकांकडे जाणंच सोडलं होतं. मला म्हणाली, "ताई, तुम्ही खरं सांगा, येतो का?" मी तिच्या मापाच्या ब्लाउजचा मुंढा नाकाशी धरून सांगितलं की येतो, पण कापडाचाच जास्त आहे. एखादीच्या ब्लाउजला तर काहीही वास नसतो. या वयात काहींचं नाकही बदलतं, स्वतःचाच वास आधीपेक्षा तीव्र वाटतो. त्यामुळे विश्वासातल्या एका माणसाला सरळ विचारून घ्यावं. मनातल्या मनात शिक्षा भोगत राहू नये.

मी ज्यांच्याकडे जाते त्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला हे सगळं समजावून सांगितलं. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. अंगभर ज्या एक्रिन ग्रंथी असतात त्यांचा घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. काखेत आणि जांघेत अपोक्राइन ग्रंथीही असतात. त्यांच्या घामात स्निग्धांश आणि प्रथिनं असतात. कातडीवर कायम राहणारे कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस असे जिवाणू त्यावर जगतात आणि त्यातून उग्र वासाची रसायनं सुटतात. हे प्रत्येकाच्या अंगावर, प्रत्येक वयात चालूच असतं. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस, जो अंगाचं तापमान सांभाळतो, तो फार हळवा होतो. अंग जरासं तापलं तरी खूप तापलंय असं समजून तो रक्तवाहिन्या रुंदावतो आणि घाम सोडतो. छाती, मान, चेहरा लाल होतो, ब्लाउज भिजतं आणि काही मिनिटांत सगळं ओसरून उलट थंडी वाजते. म्हणजे जिवाणूंना दिवसभर, रात्रीसुद्धा, ओल मिळत राहते. इस्ट्रोजेन उतरल्यावर टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे बायकांतही थोडं असणाऱ्या पुरुषी हार्मोनचं, प्रमाण त्या मानाने वरचढ ठरतं, त्यानेही वास बदलत असावा असं डॉक्टर म्हणतात.

आणि हे दोन-चार महिन्यांत संपत नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ धरतात, सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणायची. पण गरम वाफा त्याच्या आधीपासून सुरू होतात आणि नंतरही राहतात. अमेरिकेत 'स्वान' नावाचा बायकांचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास आहे. त्याच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात हा काळ साधारण ७.४ वर्षं निघाला होता. एवढी वर्षं एखाद्या बाईने हात अंगाशी चिकटवून का काढावीत?

आता कापडाबद्दल लिहिते, कारण यातलं मला डॉक्टरांपेक्षाही थोडं जास्त कळतं.

नवरात्राआधी माझ्याकडे नऊ रंगांच्या ब्लाउजांचा ढीग लागतो. वर्षातून एकदा नेसायच्या रंगासाठी कोण महागाचं कापड घेणार? मग पॉलिस्टर क्रेप, आर्ट सिल्क, चकचकीत ब्रोकेड, आणि आत अस्तरही पॉलिस्टरचंच, कारण ते स्वस्त पडतं आणि सुळसुळीत बसतं. त्यात आपली ऑक्टोबर हीट. खाडीकाठची दमट हवा, सकाळी आठ वाजताच अंगाला चिकचिक. अशा वेळी पन्नाशीची बाई दोन थर पॉलिस्टर घालून ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून ट्रान्स-हार्बरच्या लेडीज डब्यात चढते आणि वरची कडी धरते. तिची काख शेजारणीच्या नाकाशी येते. ही वेळ मी गिऱ्हाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला तो डबा न बसताही दिसतो.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे तपासून पाहिलं. व्यायाम करून घामेजलेल्या माणसांचे सुती आणि पॉलिस्टरचे शर्ट घेतले, एक दिवस ठेवले आणि वास घ्यायला लावला. पॉलिस्टरचे शर्ट ठळकपणे जास्त वासट निघाले, आणि वास करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू पॉलिस्टरवर अधिक फोफावलेले दिसले. सुती कापड घाम शोषतं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण घामातला तेलकट अंश धरून ठेवतं, आणि तो साध्या धुण्याने निघत नाही. म्हणूनच धुतलेल्या ब्लाउजवर गरम इस्त्री फिरली की वास पुन्हा वर येतो. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, इस्त्री सगळं सांगते.

म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, वरचं कापड हवं ते घ्या, अस्तर मात्र सुती घ्या आणि आधी पाण्यातून काढून आणा. दुकानदार 'कॉटनच आहे' म्हणाला तरी एक दोरा ओढून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून टणक मणी होतो. टू बाय टू या ब्लाउजच्या सुती कापडाच्या नावाखालीही आता मिक्स कापड विकतात. मुंढा अगदी काखेत रुतेल असा घट्ट शिवून घेऊ नका, थोडा सैल ठेवला तर बाही उचलता येते आणि हवा खेळते. आणि माझ्याकडे या वयाच्या बहुतेकींना मी एक गोष्ट करून देते. जुन्या मऊ मलमलीचे दुपदरी अर्धगोल तुकडे शिवायचे आणि मुंढ्याच्या आतून टिचबटणांनी लावायचे. रोज रात्री काढून धुवायचे, सकाळी दुसरी जोडी लावायची. जरीचं, भरजरी ब्लाउज रोज धुता येत नाही, हे तुकडे येतात. कंपनीत जाणाऱ्या पर्समध्ये एक जोडी ठेवतात आणि दुपारी बदलतात. बाजारात चिकटवायचे पॅडही मिळतात, पण त्यांचा डिंक घामाने सुटतो आणि कातडीलाही काहींना तो चावतो.

धुताना ब्लाउज उलटं करून धुवावं, काखेच्या जागी साबण आधी चोळून थोडा वेळ ठेवावा. सुगंधी कंडिशनर टाळावा, त्याचा थर कापडावर बसतो आणि आतला वास तसाच राहतो. घातलेलं ब्लाउज 'एकदाच तर नेसले होते' म्हणून कपाटात परत ठेवू नये. पावसाळ्यात वन रूम किचनमध्ये दोरीवर कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, त्याचा कुबट वास वेगळाच. अशा वेळी पंख्याखाली पूर्ण वाळवूनच घडी घालावी.

अंगाला लावायच्या वस्तूंतही फरक आहे, तो बायकांना कुणी सांगत नाही. डिओ म्हणजे वास झाकणारा, फार तर जिवाणू थोडे कमी करणारा. अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाच्या नळीचं तोंड काही काळ बंद करतात. ते सकाळी घाईत ओल्या काखेवर फासून उपयोग होत नाही. रात्री, कोरड्या कातडीवर लावायचं आणि सकाळी आंघोळीत धुऊन टाकायचं. पांढऱ्या ब्लाउजला काखेत जे पिवळे डाग पडतात त्यात या क्षारांचाही वाटा असतो, म्हणून लावल्यावर वाळू द्यावं. आपली तुरटी म्हणजेही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार, आजी ती उगाच वापरत नव्हती. काखेतले केस कमी ठेवले तर ओल आणि वास दोन्ही कमी राहतात. याने भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश देतात, थोडा वेळ लावून धुवायचा. मात्र त्याने रंगीत टॉवेलचा आणि ब्लाउजचा रंग उडतो, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

एका गोष्टीचा मला राग येतो. काख किंवा जांघ खाजली, लाल झाली की मेडिकलमधून वीस-पन्नास रुपयांची मलमाची ट्यूब आणायची. त्या मिश्रणात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग नायटा पसरतो, कातडी पातळ होते, चट्टे राहतात. पावसाळ्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या किती जणींना गोल चट्टे असतात, आणि सगळ्या म्हणतात "घामाने झालंय". तो बुरशीचा संसर्ग असतो. त्याला पुरते दिवस औषध घ्यावं लागतं आणि डॉक्टरांनाच दाखवावं लागतं.

खालच्या वासाबद्दल तर बायका मलाही कुजबुजूनच सांगतात. सलवारीचं आसन दुपदरी सुती लावून द्या म्हणतात, कारण विचारलं की गप्प होतात. योनीमार्गात एरवी आम्लता असते, पीएच ३.८ ते ४.५ च्या आसपास, आणि ती लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू टिकवतात. इस्ट्रोजेन कमी झालं की हे जिवाणू घटतात, पीएच ५ च्या वर जातो म्हणजे आम्लता कमी होते, कोरडेपणा येतो, वास बदलतो, लघवीचा संसर्ग वारंवार होतो. यावर सुगंधी वॉश किंवा जंतुनाशकाचं पाणी आत घालणं म्हणजे उरलेले चांगले जिवाणूही मारणं. बाहेरून साधं पाणी पुरे. मासळीसारखा वास, पिवळा-हिरवा स्राव, जळजळ असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. तपासून औषध मिळतं, कोरडेपणासाठी फक्त त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीमही असतं. आणि पाळी पूर्ण गेल्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं किंवा रक्तासह दुर्गंधी स्राव असला, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

शिंकताना, जिना चढताना लघवीचे थेंब जाणं हेही याच वयात वाढतं. त्यावर बायकांचा उपाय काय, तर पाणी न पिणं. स्टेशनवरच्या शौचालयात पाय ठेववत नाही, म्हणून घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जेमतेम घोटभर पाणी पितात. त्याने लघवी दाट होते, वास वाढतो, संसर्गाला निमंत्रण मिळतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम आहेत, रोज केले तर काही आठवड्यांत फरक दिसतो. फिजिओथेरपिस्ट ते नीट शिकवतात. पण फलाटावर पाणी असलेलं, कडी लागणारं, कचरापेटी असलेलं शौचालय असणं हाही यावरचा उपायच आहे, आणि तो बाईच्या हातात नाही.

प्रत्येक घाम पाळी जाण्याचाच असतो असंही धरून बसू नये. थायरॉइड वाढलं की असाच घाम येतो. मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर एकदम उतरली तरी येतो. नैराश्यावरच्या काही औषधांनीही येतो. आणि रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, लांबलेला खोकला असेल तर आपल्या भागात क्षयाची तपासणी आधी करावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. वाफा फार छळत असतील तर हार्मोनची गोळी किंवा हार्मोनशिवायची औषधंही आहेत. ती कुणाला चालतात, कुणाला नाहीत, हे डॉक्टर इतिहास विचारून ठरवतील, शेजारीण नाही.

घरातल्या माणसांना मला एक विनंती करायची आहे. सांगायचं असेल तर एकटीला गाठून, एकदा, साध्या शब्दांत सांगा आणि सोबत दवाखान्यात चला. जेवणाच्या ताटावर, सुनेसमोर, पाहुण्यांसमोर सांगू नका. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या यजमानांनी काहीही न बोलता तिच्या बाजूला टेबल फॅन आणून लावला आणि पलंगावरची सॅटिनची चादर काढून सुती घातली. ती मला हे सांगताना लाजून हसत होती.

नोकरीच्या जागी मात्र बायकांचं फार वाईट होतं. एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात उभ्याने काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला सुपरवायझरने सगळ्या स्टाफसमोर "स्वच्छ राहत जा" म्हणून डिओची बाटली हातात दिली. तिचा युनिफॉर्म मी पाहिला. जाड पॉलिस्टर, बंद गळा, आत पॉलिस्टर अस्तर, आणि मिळालेले जोड फक्त दोन. पावसात एक वाळत नाही, दुसरा अंगावर. तिने किती आंघोळी करायच्या? रंग बदलायला परवानगी नाही म्हणून मी तिच्या कुर्त्याचं अस्तर उसवून सुती घातलं आणि मलमलीचे तुकडे लावून दिले. त्यानंतर तिला कुणी काही बोललेलं नाही.

युनिफॉर्मचं कापड ठरवणारे बहुतेक पुरुष असतात आणि ते वातानुकूलित खोलीत बसून रंग आणि किंमत बघतात. दुकानं, दवाखाने, सुरक्षा कंपन्या, ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या सफाई खात्यांचे कंत्राटदार, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कापडात सुताचं प्रमाण जास्त ठेवा, अस्तर सुती द्या, निदान तीन जोड द्या, आणि हात-तोंड धुवून कपडा बदलता येईल एवढी कडी लागणारी जागा बायकांना द्या. शिवणाऱ्याच्या हिशेबाने सांगते, एका कुर्त्यामागे सुती अस्तराने वाढणारा खर्च एका चांगल्या डिओच्या बाटलीपेक्षा कमी आहे.

संपादक महाशय, आपल्याकडेही दोन गोष्टी मागते. दरवर्षी नवरात्रातल्या नऊ रंगांची यादी वर्तमानपत्रांतून येते आणि त्या रंगांतल्या बायकांचे फोटोही. पुढच्या वर्षी त्या यादीशेजारी चार ओळी सुती अस्तरावर छापा, माझ्यासारख्या शिवणाऱ्यांचं सांगणं सोपं होईल. आणि एखाद्या रविवारी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञ यांना एकत्र बसवून फक्त या विषयावर वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं घ्या. प्रश्न नावाशिवाय मागवा, म्हणजे येतील. माझ्याकडे गिऱ्हाइकांनी विचारलेले वहीभर प्रश्न आहेत, हवे असल्यास त्यांची नावं वगळून लिहून पाठवते.

माझं नाव कृपया छापू नये. मला स्वतःला काही हरकत नव्हती, पण नाव कळलं तर ऐरोलीत माझ्याकडे कोण कोण शिवायला येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेलं त्यांचंच राहावं.

आपली नियमित वाचक,
शिवणकाम करणारी एक बाई,
ऐरोली, नवी मुंबई